माझा जंतू

४ जानेवारी
सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, शास्त्रज्ञ व्हायला नेमकी किती वर्षं लागतात? माझ्या पीएचडीची चौकशी ते हल्ली आजाऱ्याच्या तब्येतीसारखी करतात, आवाज खाली आणून. ठणकावून सांगितलं, खऱ्या संशोधनाला घाई नसते. सहावंच तर वर्ष आहे!
संकल्प: मार्चअखेर थिसिस सबमिट.

१९ जानेवारी
तळ्याच्या चिखलातून वेगळा केलेला माझा जंतू नव्याच जातीचा आहे. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्लेटमध्ये बघा, हाच उगवतो. चिखल घालायला विसरलो तरी उगवतो! इतका चिवट जंतू जगात कुणी पाहिला नसेल. गाईड मॅडम म्हणतात, सॅम्पल डीएनए टेस्टला पाठवा. आपलं पोर ओळखायला कुणाला टेस्ट लागते का? पाठवणार नाही.

२ फेब्रुवारी
बायकोचा वाढदिवस. जंतूला तिचं नाव द्यायचं जाहीर केलं. ती म्हणाली, नाव नको, हे एकदाचं संपव. परगावी प्रमोशन मिळत होतं ते तिने माझ्यापायी दोनदा सोडलं. आता तिसऱ्यांदा आलंय. म्हटलं, मार्चपर्यंत थांब. काही बोलली नाही. पटलं असावं.

१५ मार्च
पटलं नव्हतं. मुलीला घेऊन ती आज परगावी गेली. निघताना मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही नापास होता म्हणून येत नाही का? शास्त्रज्ञाच्या घरात असले प्रश्न!
असो. शास्त्रज्ञाला एकांत हवाच. थिसिसची आभाराची पानं तयार आहेत. फॉन्ट ठरत नाही.

८ एप्रिल
घर फार शांत आहे. कामात लक्ष लागत नाही. सगळ्यांची तोंडं कायमची बंद करायची म्हणून सॅम्पल पाठवून दिलं. रिपोर्ट फ्रेम करणार.

२६ एप्रिल
रिपोर्ट आला. हा जंतू माणसाच्या कातडीवर राहतो. सगळ्यांच्याच. तळ्याशी त्याचा संबंध नाही.
टेस्टवाल्यांना फोन करून झापलं. ते म्हणाले, दोनदा तपासलंय.
म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच बोटांवरचा जंतू वाढवत होतो.
बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवलास का?"
नव्हतो जेवलो.

२८ एप्रिल
मॅडम ओरडतील म्हणून जोरदार उत्तर पाठ करून गेलो. ओरडल्याच नाहीत. म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करा, आणि या वेळी हातमोजे घाला. पाठ केलेलं वाया गेलं. पण सांगून टाकलं, माघार घेणाऱ्यांतला मी नाही.

२ मे
हातमोज्यांचं नवं खोकं फोडलं. सगळे डाव्या हाताचे! स्टोअरच्या या गलथानपणाविरुद्ध कडक तक्रार लिहिली, मॅडमच्या सहीला नेली. त्यांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून डोळे चोळले. मग हळूच म्हणाल्या, अहो, ते दोन्ही हातांना चालतात.
घालून पाहिले. चालतात.