आधीच टाइप केलेलं वाक्य

काका,

नमस्कार मुद्दामच लिहिलेला नाही.

आरोपींना वकील मिळतो का, यावरच्या संशोधनासाठी तुम्ही न्यायाधीश असतानाच्या, तुमच्या कोर्टातल्या दोनशे बारा जुन्या फाइली मी तपासल्या. प्रत्येकीत पहिल्या पानावर एकच वाक्य टाइप केलेलं आहे: ‘वकील नको, असे आरोपीने स्वतःच्या तोंडाने सांगितले.’ खाली फक्त आरोपीचं नाव शाईने भरलेलं.

फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. "अगं, टायपिस्ट सकाळीच गठ्ठा तयार ठेवायचा. नाहीतर दिवसाला चाळीस केसेस उरकणार कशा? तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांना काय कळतंय त्यातलं."

एकशे सत्तेचाळीसावी फाइल एका सुताराची आहे. तिच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांचा दाखला आहे: जन्मापासून मुका आणि बहिरा. त्यालाही वकील नको होता, तोंडाने सांगितलेलं. तुम्ही त्याला बारा वर्षं दिलीत. त्यातलं नववं चालू आहे.

हेही मी फोनवरच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ती एक बाजूला ठेव, बाळा. उरलेल्या दोनशे अकरांत तुझं काय अडतंय?"

फाइल शेवटच्या पानापासून वाचायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही कायम तशीच वाचायचात. म्हणजे तो दाखला तुम्ही सगळ्यात आधी पाहिला होता.

तुमच्या सांगण्याप्रमाणे ती फाइल मी बाजूला काढली. तिची प्रत आज त्याच्या बहिणीने केलेल्या वकिलाला दिली. हे पत्र मी टाकणार नाही, तुम्हाला समन्सच येईल. तुम्हाला वकील हवा का, हे तिथे नक्की विचारतील.

तुमची पुतणी