दोघींचा वाटा

टेशी, १४ जुलै

ति. अकुओकोताईस,

तावियाचा नमस्कार. पत्रास कारण की, मासळीवाल्या देदेमावशी परवा टाकोराडीच्या बाजारात तुला भेटल्या. अक्वेलेच्या आठवणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तू शांतपणे विचारलंस म्हणे, अक्वेले कोण? मावशी परत आल्या त्या थेट मला सांगायला आल्या. म्हणजे तू त्या दुःख काढणाऱ्या दवाखान्यात जाऊन आलीस तर! तिथे दुःखाबरोबर माणूसही उपटून काढतात, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुलाच नव्हतं?

अगं, एका पोटात राहिलीस तिच्याबरोबर! दोन वर्षांपूर्वी ती तापानं गेली, ते दुःख काय तुझ्या एकटीचं होतं? आईही रडली, मीही रडले. आम्ही गेलो का कुठे हलकं व्हायला? आणि माझं काय करायचं, तेही सांग. जुळ्यांच्या पाठची म्हणून माझं नाव ताविया. जुळी नव्हतीच, तर मी कोणाच्या पाठची?

एकवीस ऑगस्टला जुळ्यांचा शुक्रवार आहे, तुम्हा दोघींचा सण. कुस्करलेला याम कंद आणि अंडी, दोघींचा वाटा तू येऊन खाल्ल्याशिवाय आई घास घेणार नाही म्हणते. गेल्या वर्षी तू आली नाहीस, तर चार दिवस उपाशी राहिली. यंदा ते तिला झेपायचं नाही. मुकाट्यानं ये.

लोभ उरलाय का, ते आल्यावर बघू.

ताविया


टाकोराडी, २५ जुलै

चि. तावियास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. शिव्या छान जमल्यात. इथे मला सगळे चर्चमधल्या नावानं डॉर्कस म्हणतात, तूही तेच लिहीत जा.

तुझ्या अक्वेलेबद्दल मला काही वाटत नाही, हे खरं. कपाटात माझ्याच हातची चिठ्ठी आहे. तिच्यात लिहिलंय की आई मला अक्वेले म्हणून हाक मारते, नाही म्हटलं की रडते, आणि मला अकुओकोच राहायचंय म्हणून मी हे करतेय. कुणा परक्या बाईची चिठ्ठी वाचावी तसं वाटलं.

घरच्या एका फोटोत मी दोनदा आहे. फोटोवाल्याची चूक समजून मी तो बदलून घ्यायला गेले होते. लहानपणचा आंपेचा खेळही आठवतो. मी टाळ्या वाजवते, उडी मारते, पाय पुढे टाकते, आणि समोर कोणीच नाही. तरी जिंकले जिंकले म्हणून ओरडते. हसू येतं झालं. झोप लागते, पोटभर जेवते. तुझं काय जातंय?

शुक्रवारी येईन. खायचंच आहे ना, खाते. मागाहून पत्रांचा मारा नको.

आईस नमस्कार. तुलाही, नको असेल तर परत पाठव.

डॉर्कस


टेशी, २२ ऑगस्ट

डॉर्कसबाईंस,

नमस्काराला हात उठत नाही. काल जेवल्या जेवल्या गाडी गाठलीस, म्हणून तोंडावर बोलायचं ते लिहिते.

आई दारातच अक्वेले, अक्वेले करत तुझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, आता तू नाही म्हणशील. पूर्वी दर वेळी म्हणायचीस. दातओठ खात म्हणायचीस, आईला रडवून म्हणायचीस, पण म्हणायचीस. काल हो म्हणालीस! मग अकुओको कुठेय असं तिनं विचारलं, तर ती वारली, असं खुशाल सांगितलंस. जिभेला काही हाड?

आता आई गल्लीभर सांगत सुटली आहे, माझी अक्वेले परत आली, गेली ती अकुओको. देदेमावशी समजवायला गेल्या, तर त्यांच्या अंगावर धावून गेली. ताई, ज्या नावासाठी दवाखान्याची पायरी चढलीस, तेच नाव हसत देऊन आलीस. दुखत होतं तोवर भांडत तरी होतीस.

तुझी म्हणवत नाही.

ताविया


टाकोराडी, ३० ऑगस्ट

चि. तावियास आशीर्वाद.

म्हणाले हो. नाही म्हणायला आत काहीतरी अडावं लागतं. काही अडलं नाही. सोपं होतं ते बोलले. आई जेवली ना? मग?

पुढच्या आठवड्यात मी टेशीला कायमची येतेय. अक्वेलेची खोली झाडून ठेवल्याचा आईचा निरोप आला. मला कुठलंही नाव चालतं. हट्ट सोड. फारच जड जात असेल, तर दवाखान्यात माझी ओळख आहे, तुझं नाव घालते. तीन दुपारींचं काम.

माया असू दे, असं लिहितात, म्हणून लिहिलं.

अक्वेले


टेशी, ४ सप्टेंबर

जी कोणी येणार आहे तिला,

त्या दवाखान्यात माझं नाव घातलंस, तर याद राख!

ये. आई चार घास जास्त जेवते आहे, तेव्हा तुला दारातून हाकलणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. तिच्यासमोर मी तुला अक्वेले म्हणेन. त्या खोट्याचं पाप माझ्या माथी.

पण माझी अकुओकोताई गेली. मेली हट्टी होती, भांडकुदळ होती, पोहायला शिकवताना मला दोनदा बुडवलंन आणि वर मलाच हसली. फार आठवते गं मला ती. तिच्यासाठी अजून कुणी टिपूस गाळलेलं नाही. उद्यापासून मी सुतकाचं लाल-काळं नेसून अंगणात बसणार आहे. तू येशील तेव्हा मी रडत असेन. माझे डोळे पुसायला येऊ नकोस.

ताविया