चाळीस टक्के राख

नारायण पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौमित्र यास,
आशीर्वाद नेहमीचेच, कमी-जास्त नाहीत. इकडे सर्व ठीक. तुझ्या नव्या ऑफिसात एसी उत्तम चालतो असं ऐकलं. तिथून उठवत नसणारच.

काल धायरीचे दत्तोबा तुझा अहवाल घेऊन आले. तू तपासलेली ती इमारत त्यांच्याच जमिनीवर उभी आहे, आणि ते तिथेच राहतात. म्हणाले, "सर, तुमच्याच विद्यार्थ्यानं लिवलंय, बिल्डिंग पयल्यापेक्षा मजबूत हाय. मग दुरुस्ती कशाला?" सोसायटीने दुरुस्ती रद्दही करून टाकली.

पहिल्यापेक्षा मजबूत! अरे, लोणचं आहे का ते मुरायला?

खांबांवर हातोडीची चाचणी केलीस, आकडे वाढलेले दिसले, खूश झालास. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळतो आणि वरचा थर कडक होतो, पण चुना संपला की आतली सळई गंजायला मोकळी होते, हे मी तुमच्या वर्गाला दोनदा शिकवलं. दोन्ही वेळा तू कँटीनमध्ये असावास. तुझी हातोडी त्या सालीवर आपटली. गाभ्याचे नमुने काढण्याचे कष्ट तू घेतले नाहीस.

त्या काँक्रीटमध्ये चाळीस टक्के सिमेंटच्या जागी वीजकेंद्रातली कोळशाची राख आहे. राख चुना आधीच खाऊन बसते, म्हणून हवा आत लवकर शिरते. आज सकाळी मी स्वतः चार खांबांना भोकं पाडून द्रावण फवारलं. चुना शाबूत असलेलं काँक्रीट त्याने गुलाबी होतं. इथे सळईच्या मागेपर्यंत गुलाबी ठिपकाही नाही, आणि सळया गंजल्या आहेत.

मूळ मिश्रण कोणी ठरवलं, तो रकाना तू मोकळा सोडलास. माझी अब्रू झाकलीस? तुझी ही दया मला किळसवाणी वाटते.

ते मिश्रण माझं. राखेत खोट नव्हती. तिला चौदा दिवस पाणी मारावं लागतं. टँकर आले नाहीत. पाचव्या दिवशी मी कोरडे खांब डोळ्यांनी पाहिले आणि चौदा दिवस पाणी मारल्याच्या कागदावर सही केली. निवृत्तीला तीन महिने होते, कटकट नको होती. एवढंच कारण. अठरा वर्षं मी हे कोणाला बोललो नाही.

दत्तोबांच्या घरात सात माणसं आहेत. शनिवारपर्यंत अहवाल मागे घे. रविवारी सोसायटीच्या सभेत खांबांना आधी टेकू लावा म्हणून सांगेन, आणि तो सहीचा कागद मीच वाचून दाखवेन.

रविवारपर्यंत तुझे सर,
शरच्चंद्र