ताईचा लखलखीत ओटा

प्रिय चिमणे,

अठ्ठाविसाव्या वर्षीही चिमणी म्हणते म्हणून फणकारू नकोस. संस्कृतातून हाक मारली असती तर 'चटके' म्हणावं लागलं असतं, आणि ते जास्त झोंबलं असतं. पाकीट जाड बघून तू 'मावशीचं प्रवचन' म्हणून ते उशीखाली सरकवशील, हेही ठाऊक आहे. सरकव. पण शनिवारच्या आत वाच. रविवारी तुझा नवरा आणि सासूसासरे तुला न्यायला येणार आहेत, आणि तू आईकडे आपल्या जुन्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहेस, एवढं मला कळलंय. का आलीस, तेही कळलंय. ते पुन्हा माझ्यासमोर उगाळावं लागू नये, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी. खालचा शिंपी रेडिओ इतक्या मोठ्यांदा लावतो की श्लोक घोकताना मध्येच बाजारभाव तोंडात येतात. कॉलेजात यंदा सात विद्यार्थी आहेत. संस्कृतला सात म्हणजे झुंबडच. परवा त्यांना नायिकेचे अलंकार शिकवत होते. दागिने नव्हेत, हावभाव. त्यात एक 'कुट्टमित' आहे. प्रियकराने जवळ ओढलं की नायिका आतून सुखावते, पण वरवर रागावते, मान हलवते, हात झिडकारते, नको नको म्हणते. शास्त्रकार म्हणतात, ही तिची शोभा. आमच्या गुरुजींनी हे डोळे मिटून, गालातल्या गालात हसत शिकवलं होतं आणि आम्ही मुली वहीत मान खुपसून लाजलो होतो, कारण लाजणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते, हजेरीपुरतं तोंड उघडणारी. तिने विचारलं, "मॅडम, आणि तिला खरंच नको असेल, तर ती काय करते?"

मी उत्तर शोधलं गं. शास्त्रकारांनी नायिकांचे शेकडो प्रकार केलेत. रुसलेली, ताटकळलेली, फसवली गेलेली, परगावी गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी. घाबरलेलीही आहे, पण तिची भीतीसुद्धा गोडच मानलेली. जिला नको आहे, आणि जिच्या नकोचा अर्थ फक्त नको एवढाच आहे, अशी एकही सापडली नाही. तिला म्हटलं, बघून सांगते. अजून सांगितलेलं नाही. तेव्हापासून मला सारखा तुझ्या आईचा ओटा आठवतोय.

तुझे बाबा होते तोवर आपल्या गोतावळ्यात ताईच्या ओट्याची ख्याती होती. जेवणं आटोपली की ती पातेली घासायची, मग ओटा, मग शेगडी, मग फडताळ रिकामं करून डबे पुसायची, आणि मग पुसलेलेच डबे पुन्हा. ओट्याच्या दगडात तोंड दिसायचं. मामी आपल्या सुनांना तो दाखवायला घेऊन आली होती, देवदर्शनाला आणावं तशी. तुझ्या आजीचा ऊर भरून यायचा, लेकीला लावलेलं वळण सार्थकी लागलं म्हणून. बाबा चारचौघांत कौतुकाने सांगायचे, हिची वाट बघता बघता माझा डोळा लागतो. सगळे हसायचे. ताईही हसायची. मी तर त्या ओट्यावर एक श्लोक रचून म्हटला होता, चांगल्या टाळ्या पडल्या होत्या.

मग बाबा गेले. तू मला काळजीने फोनवर म्हणाली होतीस ते आठवतं? आईचं घरातलं लक्षच उडालंय, खरकटी भांडी सकाळपर्यंत पडून असतात, जेवली की लगेच झोपते, खचलीय ती. मलाही तसंच वाटलं. धीर द्यायला म्हणून आले, तर दिवेलागणीलाच ताई झोपलेली. हातपाय पसरून, तोंड उघडं, चक्क घोरत. लहानपणी माझ्या शेजारी ती अशीच झोपायची. लग्नानंतर मात्र माहेरी आली तरी अंगाची मुटकुळी करून, पांघरूण चारी बाजूंनी खोचून निजायची. मी दारातच थबकले. त्या झोपेत खचणं कुठे नव्हतंच. नवऱ्याचा डोळा लागेपर्यंत घासत राहणारी बाई आता घासायचं थांबली होती, एवढंच. आणि आम्ही तिला सुगरण म्हणून मिरवत होतो.

बाबांवर रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव. पण तुला सायकल शिकवताना मागून धापा टाकत धावणारा माणूस तोच होता. ते राक्षस असते तर सगळं किती सोपं झालं असतं. विचारायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काव्याने सांगितलं, ती नको म्हणते म्हणजे हो. कायद्याने सांगितलं, लग्नाला हो म्हणाली ना, मग ते जन्माचं हो. पणजीच्या काळी तर नवऱ्याने दावा लावला की न्यायाधीश बायकोला नांदायला जा म्हणून फर्मावायचे. आणि आमच्या आईने ताईला सांगितलं, थोडं सोसावं लागतं. थोडं म्हणजे किती, ते आईला तिच्या आईने सांगितलं नव्हतं.

तू मात्र तोंडाने बोललीस. मी नको म्हणते, रडते, तरी तो थांबत नाही, आणि सकाळी स्वतः चहा करून आणतो, असं तू ताईला सांगितलंस. त्यावर ती उठून आत गेली म्हणून तुझं मन मोडलंय. चिमणे, ती तुझ्यावर रागावून उठली नव्हती. आपल्या आयुष्याची हकीकत लेकीच्या तोंडून ऐकत बसणं सगळ्यांना जमत नाही.

हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही. सोमवारी ताईचा फोन आला. म्हणाली, तू शिकलेली, पोरगी तुझं ऐकते, तिला चार शब्द लिही. लग्नात असं चालायचंच म्हणावं, रविवारी निमूट जा म्हणावं. संस्कृतात काही असेल तर तेही घाल. लिहिते, म्हटलं. पण ती फोन ठेवेना. मग पलीकडच्या खोलीत तुला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिने विचारलं, "तुझ्याकडची मागची खोली रिकामीच आहे ना? तिला आतून कडी आहे?" आहे, म्हटलं मी. नव्हती. आज दुपारी सुतार येऊन बसवून गेला. शनिवारच्या सकाळच्या गाडीने ये. ताई तुला स्टेशनवर पोचवायला येईल आणि वाटेत एक अक्षर बोलणार नाही. तिला बोलायला लावू नकोस. तिला विचारायचं होतं, ते तिने विचारलंय.

फलाटावर तुझी वाट बघणारी, तुझीच
मावशी