धुराडी नसलेल्या तीन आगबोटींची व्यवस्था

गोदी बंद झाली त्या साली आमच्या घरी आले ते असे: मालवाहू आगबोटींचे लाकडी नमुने तीन, बोट बांधण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी गोदीने करवून घेतलेले. किंमत काही नाही, साहेब म्हणाले, "न्या, नाहीतर भंगारात जातील." हातगाडीचे सहा रुपये. काचेच्या पेट्यांचे एकशे चाळीस, दोन हप्त्यांत.

हे आधी लिहिले, कारण वाद याच जिनसांचा आहे. आता रीतीप्रमाणे लिहिते. मी, गोदीतील दिवंगत नमुनेकार सुताराची पत्नी, वय एकोणऐंशी, मॅट्रिक पास. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची टाप नाही. देवाचे बोलावणे कधीही येईल, पसारा आधी आवरलेला बरा.

१. राहते घर मुलाला. जिन्याखालच्या खोलीतील शिंपीणबाईंना त्यांच्या मनात असेल तोवर राहू द्यावे. त्यांच्या मशीनचा आवाज होतो, अशी सूनबाईंची तक्रार आहे. सूनबाईंच्या टीव्हीचाही होतो.

२. बँकेतील ठेव व माझ्या पाटल्या मुलीला. मुलगा म्हणेल, "तिला कशाला? तिचं लग्न झालंय." लग्न त्याचेही झाले आहे.

३. यजमानांचे रंधे व पटाश्या कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याला, वापरण्यासाठी. भिंतीवर शोभेला टांगणार असेल तर देऊ नयेत.

४. जपमाळ व पोथी ज्याला रोज लागेल त्याला. कोणालाच लागत नसेल तर देवळात द्यावी, माळ्यावर टाकू नये.

५. आगबोटी. सांगाडा आणि डेक यजमानांनी केले. पितळकाम, म्हणजे माल उचलायच्या याऱ्या, नांगर आणि धुराडी, माझ्या धाकट्या दिरांनी. दोघे भाऊ एकाच बाकावर काम करीत. बोटी घरी आल्यावर दीर म्हणाले, "दादा, एक तरी माझ्याकडे राहू दे."

यजमान म्हणाले, "संच फोडायचा नाही."

"संच तुझ्या एकट्याचा का? मग माझं मला दे," असे म्हणून त्यांनी तिन्ही धुराडी उपसली, पिशवीत घातली आणि निघाले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, चहा राहू द्या." चहा ओतून झाला होता. तो मी प्यायले.

पुढे दोघांचे जाणे-येणे बंद. यजमानांनी डेकवरच्या भोकांना बुचे बसवली, पण दुसरी धुराडी काही केली नाहीत. मी म्हटले, "लाकडाची करा की! काळा रंग दिला की कोणाला कळतंय?"

"त्याला कळेल," एवढेच म्हणाले. त्यानंतर मी विषय काढला नाही.

यजमान गेल्यावर मुलाने जुन्या वस्तूंचा व्यापारी आणला. "आजी, धुराडी असती तर चौपट दिले असते," असे म्हणून तो दिरांकडेही जाऊन आला. दिरांनी त्याला उंबऱ्यावरूनच हाकलले, असे जाऊबाई सांगत होत्या. ते ऐकले आणि माझे ठरले.

तिन्ही बोटी पेट्यांसह धाकट्या दिरांना. अट अशी की धुराडी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवावीत, आणि संच त्यांच्या हयातीत विकू नये. त्यांचे हात आता कापतात असे कळते. म्हणून हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबवू नये, बोटी लगेच न्याव्यात. मुलाने आडकाठी करू नये; त्याने त्या कधी पुसलेल्याही नाहीत.

साक्षीदार: १. शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही). २. औषधाच्या दुकानाचे मालक (सही, चष्मा विसरले होते, मी वाचून दाखवले).

लिहून देणार: नमुनेकाराची पत्नी (सही)
ठिकाण: राहते घर. १९ ऑगस्ट २००२.

भावोजी, ही प्रत तुम्हाला रजिस्टरने पाठवीत आहे. वकील शुक्रवारी पक्के करायला येतील. चूक कोणाची, ते वर गेल्यावर भाऊ-भाऊ पाहून घ्या. न्यायला येणार की नाही, तेवढे उलट टपाली कळवावे.