जादा अभ्यास

१४ मार्च, दुपार

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, तो दोष पेनाचा. वर्गात पोरं म्हणतात, ‘सर, फळ्यावर मुंग्या चालल्यात.’ संस्कृतकडे कुणी इतकं निरखून पाहतंय, हेच माझं समाधान.

तुझी लेक आई होणार हे वाचून आनंद झाला. तुझ्या वहिनीचा हात प्लास्टरमध्ये आहे, स्टुलावरून पडली. सध्या बहिणीकडे असते.

घर सोडताना तू बजावलं होतंस, अण्णांचं नाव काढायचं नाही. पंचवीस वर्षं पाळलं. आज काढतो.

तुला तो पाना आठवतो? वर्कशॉपातून येताना खिशात असायचा. ‘अभ्यास झाला का?’ म्हणत त्यांनी तुझ्या खांद्यावर घातला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी कोपऱ्यात धातूंची रूपं म्हणत बसलो होतो. म्हणणाऱ्याला ते मारत नसत. तू ओरडत होतीस आणि मी ददाति, दत्तः, ददति. थांबलो नाही.

अण्णा दारूला कधी शिवले नाहीत, तरी झोकांड्या जात म्हणून गल्ली त्यांना दारुडा म्हणे. त्यांचे हात आपोआप उडत. आपण म्हणायचो, मारायला शिवशिवतायत.

गेल्या महिन्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं, शरीरातलं प्रत्येक प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. ती नीट घडी घालून बसली तरच कामाची. आपल्या घराण्यातल्या एका माळेत एकच मणी पुन्हापुन्हा ओवला गेलाय. पस्तीस मण्यांपर्यंत चालतं. माझे चव्वेचाळीस. मग घडी चुकते, आणि ती माळ लग्नघरातल्या आगंतुकासारखी दिसेल त्याच्या गळ्यात पडते. गुठळ्या होतात. मेंदूत हातापायांना आणि रागाला आवर घालणाऱ्या पेशी मरत जातात.

मी म्हटलं, ‘बाई, दा धातूचं ददाति होताना सुरुवातीला जो जादा द येतो, त्याला व्याकरणात अभ्यास म्हणतात.’

त्या म्हणाल्या, ‘मग सर, तुमचा अभ्यास जरा जास्तच झालाय.’

हसलो दोघंही. ददाति म्हणजे देतो. अण्णांनी दिलं.

आता स्टुलाबद्दल. घरात स्टूल नाही. माझ्या हातून तिसरा कप पडला, तेव्हा वहिनी म्हणाली, ‘अहो, आता पेल्यातून प्या बाळासारखे.’ थट्टाच होती. मी तिचा हात चौकटीत दाबून धरला आणि दार लावलं. दोनदा. पहिल्या वेळी हाड मोडल्याचं मला कळलं होतं. तो आवाज मी ओळखतो. दुसऱ्यांदा लावताना माझ्या तोंडून ‘झाला का अभ्यास?’ असं आलं.

तिनेच मला दवाखान्यात नेलं, एका हाताने. मग बॅग भरली. बरोबर केलं.

अण्णांना क्षमा कर असं मी म्हणत नाही. पाना प्रथिनाने उचलला की अण्णांनी, हे मला दाराचंही सांगता येत नाही. पण ही माळ तुझ्याकडे आली असण्याची शक्यता निम्मी आहे. आली असेल तर लेकीकडे निम्मी, आणि तिच्या पोटातल्याकडे पुन्हा तसंच. तपासणी रक्ताचीच आहे. करायची की नाही, ते तुम्ही मायलेकी ठरवा. बाईंचा पत्ता सोबत जोडलाय. या वेळी मी रूपं म्हणत बसलो नाही, एवढं लक्षात ठेव.

पेन चांगलं आहे. नवंच आहे.

भेटायला आलीस तर टेबलाच्या पलीकडे बस, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. आणि कोपऱ्यात कुणाला तरी बसव, मधे पडणारं.

अजून तरी तुझाच,
दादा