वरचे चार दात

४ मे, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ऐन धामधुमीत लिहितात. ३० तारखेला मतदान आहे: देशाने व्यापारसंघात राहायचं की बाहेर पडायचं. मी बाहेरवाला. आमच्या समितीचा अध्यक्ष खिळेवाला, म्हणजे कोपऱ्यावरचा हार्डवेअरचा दुकानदार. त्याने मला प्रचारप्रमुख केलंय, कारण माझ्याकडे संयम आहे.

विरोधक घरातलाच. साडू. तो दातांचा डॉक्टर, मी कवळ्या बनवणारा. एकाच मजल्यावर समोरासमोर दारं, त्याचं क्लिनिक, माझी लॅब. एकोणीस वर्षं तो तोंडाचं माप घेतो आणि मी त्यावरून दात करतो. माझं सगळं काम त्याच्याकडून येतं, म्हणजे तो पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे.

तो म्हणतो, बाहेर पडणं झेपणार नाही. त्याचे निम्मे पेशंट पुलापलीकडच्या देशातले, ते यायचे बंद होतील. कवळीत बसवायचे तयार दात तिकडूनच येतात, ते महागतील. मग तोही क्लिनिक उचलून पलीकडे जाईल. मी म्हटलं, जा. पोकळ धमकी.

संकल्प: हात उचलायचा नाही. फक्त आकडे.

७ मे, दुपारी
पहिली चर्चा, त्याच्या क्लिनिकमध्ये. उत्तम झाली. मी आकडे मांडले. साडूने विचारलं, कुठून आणलेस. मी म्हटलं, खिळेवाल्याकडून. त्याने दात काढले. मी प्लास्टर कालवायचं भांडं फेकलं. फक्त भांडं. हात उचलला नाही (फेकताना थोडा उचलावाच लागतो). भुवईवर लागलं. रक्त आलं, पण भुवईला जरा काही झालं की येतंच.

त्याने मला खुर्चीत आडवा पाडून छातीवर गुडघा रोवला. खुर्चीत पेशंट आधीपासून होता. तिघांची गुंतागुंत बराच वेळ सुटेना. पेशंटने माझ्या करंगळीचा कडकडून चावा घेतला. त्याचे खालचे दात मीच केलेले. पकड छान आहे.

८ मे
करंगळी सुजली. बायको म्हणाली, रविवारी ताईकडे जेवायला जायचंय की रुग्णवाहिका मागवायचीय, ते आधी सांगा. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, साडूची बायको. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मग रविवारी तत्त्वच वाढते.

संकल्प: आवाज चढवायचा नाही.

१३ मे, सकाळी ११
वेटिंग रूममध्ये प्रचार. पेशंट जागचे हलू शकत नाहीत, हा फायदा. माझ्या शाळेच्या हेडबाई बसल्या होत्या (रिटायर्ड, वय ऐंशीच्या पुढे, वर-खाली पूर्ण कवळी, माझीच). त्यांनी विचारलं, बाहेर पडायचा खर्च किती, एका शब्दात सांग. मी म्हटलं, शून्य. त्यांनी छत्री उलटी धरली आणि मुठीने माझ्या डोक्यात घातली. म्हणाल्या, शून्य तुला पडलेत. शेजारचा ट्रकवाला आमच्या बाजूचा. त्याने छत्री हिसकावली. दुसऱ्याने ट्रकवाल्याचं बखोट धरलं. मग मासिकं, कुंडी, हँगर.

झटापटीत हेडबाईंची कवळी उडाली, भिंतीवर आदळली, फरशीवर तीनदा उसळली. तडा नाही! मी उचलून सगळ्यांना दाखवली. कोणाला कौतुक नव्हतं. नर्सने मला केस धरून बाहेर काढलं.

कानशील बधिर आहे. एकूण प्रतिसाद चांगला.

१९ मे
उद्या टाउन हॉलमध्ये जाहीर वादविवाद. मी विरुद्ध साडू. खिळेवाल्याने सांगितलं की अडलास तर घोषणा दे. मी अडणारा नाही. आरशासमोर सराव केला. दमदार दिसतो.

२१ मे, पलंगावरून
कालचं लिहून ठेवतो, कारण पेपरात विपर्यास आलाय.

हॉल खच्चून भरला होता. मी पहिली दहा मिनिटं गाजवली. मग साडू उठला. भुवईला पट्टी, ती मुद्दाम काढली नव्हती. त्याने एकच विचारलं, तेही हळू आवाजात: बाहेर पडल्यावर तू दात कुठून आणणार?

माझी दातखिळी बसली. उत्तर होतं, पण आठवेना. त्यात दिवे क्षणभर गेले आणि आले. मला घोषणा आठवली. मी माइक तोंडाशी धरून जीव खाऊन ओरडलो, "बाहेर पडा! आत्ताच्या आत्ता बाहेर पडा!"

मागच्या रांगांना वाटलं, आग लागली.

दार एक. माणसं सहाशे. खुर्च्या पायात, पाय माणसांवर. मला वाटलं लोक पेटून उठलेत, म्हणून मी आणखी जोरात ओरडत राहिलो. साडू माझ्या हातातला माइक ओढत होता. मी तोच माइक त्याच्या बरगडीत मारला. स्पीकरमधून ढोल वाजावा तसा आवाज आला आणि उरलेलेही पळाले.

जखमी एकतीस. हाडं मोडली सहा जणांची. माझा घोटा. पण एका घोषणेवर सहाशे माणसं उठतात, हे साडूला या जन्मात जमणार नाही.

२३ मे
आकडा हाती आला. चेंगराचेंगरीत एकूण चौदा दात पडले. साडू बरगडी बांधून तीन दिवस टाके घालतोय. सगळी मापं माझ्याकडेच येणार. एका दिवसात एवढं काम कधी आलं नव्हतं! बाहेर पडायच्या नुसत्या गोष्टीने धंदा वाढला. साडूला चिठ्ठी पाठवली: कोण म्हणतं नुकसान? त्याने चिठ्ठीवर उत्तर म्हणून एक उपटलेली दाढ ठेवून परत पाठवली. त्याचा माझ्यावर दात आहेच.

२७ मे
पलीकडच्या कंपनीने माल थांबवला. कळवलंय की मतदान होऊ द्या, मग भाव ठरवू. कपाटात फक्त गडद पिवळे दात उरलेत, तंबाखूवाल्यांसाठी ठेवलेले. ट्रकवाल्याचे दोन तेच बसवले. त्याने आरसा पाहिला आणि मला कपाटासकट आडवा केला. आमच्या बाजूचा असून! त्याला समजावलं की हा देशी रंग आहे.

३१ मे, संध्याकाळी
जिंकलो!! मिरवणूक निघतेय. भाषण तयार. शांतपणे बोलणार.

२ जून
परवाचं लिहितो. थोडक्यात.

मिरवणुकीत आपलीच माणसं भांडायला लागली. एक म्हणाला, महिन्यात सुबत्ता येईल. दुसरा म्हणाला, आठवड्यात. पहिल्याने दुसऱ्याचा झेंडा गुडघ्यावर मोडला, दुसऱ्याने त्याच काठीने त्याचं नाक फोडलं. मी प्रचारप्रमुख. मध्ये पडलो. म्हटलं, मित्रहो, सुरुवातीला थोडा खर्च येईल, पण...

'पण'च्या पुढे जाता आलं नाही. खिळेवाल्याची मूठ. त्याने दिवसभर लोखंड उचललेलं.

वरचे चार, पुढचे. महिनाभर एवढं खोटं बोललो (काही मुद्दे ताणले, असं म्हणू), कोणी हात लावला नव्हता. म्हणजे लावला होता, पण दात शाबूत होते. एक वाक्य खरं निघालं आणि बत्तीशीची अठ्ठावीशी झाली.

५ जून, सकाळी
साडूकडे गेलो. बायकोने ढकललं. जखम ओली आहे, अजून आठवडा थांबायला हवं होतं, पण त्याने निरोप धाडला की आजच ये. क्लिनिकमध्ये खोकी बांधलेली. भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं.

त्याने मापाचा लगदा कालवला, तोंडात भरला, अंगठ्याने वर दाबून धरला. चार मिनिटं हलायचं नाही. एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदाच चार मिनिटं गप्प होतो, आणि तो बोलला. पलीकडे जागा घेतलीय म्हणाला. उद्या निघतो. ताई कालच गेली. म्हणाला, मला तुला हरवायचं नव्हतं रे, मला जायचं नव्हतं. तू एकदाही म्हणाला नाहीस की थांब. नुसता 'जा' म्हणालास, तेही हसत. चार मिनिटं होऊन गेली तरी त्याने माझ्या टाळूवरचा अंगठा काढला नाही.

डोळ्यांत पाणी आलं. लगद्यामुळे येतं.

मग त्याने माप काढलं. आता बोलायची पाळी माझी. सगळं तयार होतं तोंडात. मी म्हटलं, थुंकू कुठे?

त्याने भांडं पुढे केलं.

१० जून, दुपारी
दात झाले. गडद पिवळेच. त्याने घेतलेलं माप इतकं अचूक आहे की कुठे घासावं लागलं नाही. बसवायला कोणी नव्हतं, आपणच बसवले.

नवे दात बसवले की पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. 'स' म्हणताना शिट्टी वाजली तर दात पुन्हा घासायचे. मोजलं. शिट्टी नाही. मग म्हटलं, थांब. नीट आलं. जाऊ नको. तेही नीट आलं. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, कोणाशी बोलताय. म्हटलं, कोणाशी नाही, दात तपासतोय.